अक्कांच्या आंघोळीचं पाणी

मी एक जुना तांब्याचा बंब आहे, मित्रांनो. बंब म्हटलं की तुमच्यातल्या निम्म्यांना आग विझवायची लाल गाडी आठवेल. तो बंब वेगळा. मी पाणी तापवणारा. माझ्या पोटात मधोमध एक नळकांडं आहे. त्यात लाकडं घालून खालच्या जाळीवर जाळ करायचा, नळकांड्याभोवतीचं पाणी तापलं की तोटी सोडायची आणि बादली भरून घ्यायची. एवढंच माझं शास्त्र, आणि ते समजून घ्यायला कधी कुणाला माहितीपुस्तिका लागली नाही. सध्या माझा मुक्काम आष्ट्यात, पाटलांच्या गच्चीवर, सोलरच्या टाकीच्या स्टँडखाली आहे. अंग हिरवं पडलं आहे, एका कुशीला पोचा आला आहे, आणि झाकण कुठं गेलं ते घरात कुणालाच ठाऊक नाही. तरी म्हाताऱ्याची कुरकुर म्हणून माझं बोलणं कानाआड करू नका. मी एक गोष्ट माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म साताऱ्याचा. एका तांबटानं सपाट पत्रा ठोकून ठोकून मला गोल केलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मी घाव काही कमी सोसले नाहीत, पण मला देवपण न येता बंबपण आलं, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. देवापुढं लोक हात जोडतात, माझ्यापुढं हात शेकतात. पौषातल्या पहाटे कुणाकडं आधी गर्दी होते ते तुम्हीच बघा. एक दिवस साताऱ्यात नोकरीला असलेले एक गृहस्थ दुकानात आले. त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. त्यांनी मला बोटानं वाजवून पाहिलं, तांबटाशी घासाघीस केली आणि लेकीच्या आंदणात मला देऊन टाकलं. त्या लेकीचं नाव चंदनबाला. एसटीच्या टपावर दोरीनं आवळलेला असा मी तिच्या मागोमाग आष्ट्याला आलो.

तिचं सासर रायगोंडा पाटलांचं. जैन शेतकऱ्याचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकणारं आणि पहाटे आंघोळ केल्याशिवाय चुलीला हात न लावणारं. मागच्या अंगणात न्हाणी होती, तिच्या दारात मला बसवलं. चंदनबाला सगळ्यांच्या आधी उठायची, माझ्यात जाळ घालायची, आंघोळ करायची आणि धुतलेलं लुगडं नेसून बस्तीत जायची. बस्ती म्हणजे आमच्याकडचं जैन मंदिर. तिथला पहाटेचा अभिषेक तिनं बघितला नाही असा दिवस क्वचित उगवला असेल. तिला तिथं जायचं तर आधी आंघोळ हवी, आणि आंघोळीला मी हवा. म्हणजे देवाच्या दारापर्यंत तिला पोचवायचं निम्मं काम माझंच होतं, असं मी समजत होतो. दर रविवारी ती मला चिंच आणि राख लावून घासायची. तेव्हा माझ्यात बघून रायगोंडा मिशा कातरायचे.

आता तिची एक सवय सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. आमच्या घरात मुंगीलासुद्धा जीव समजतात. चंदनबाला माझ्या पोटात घालायचं एकेक लाकूड आधी अंगणातल्या दगडावर आपटायची. मग मऊ केरसुणीनं झाडायची, उलटंपालटं करून बघायची. मक्याचं बुरकुंड, म्हणजे दाणे काढलेलं कणीस, असेल तर मोडून आत डोकवायची. एखादी मुंगी निघालीच तर तिला कागदावर घेऊन पेरूच्या झाडाखाली सोडून यायची, मग जाळ. शेजारची सुलाबाई कुंपणावरून हसायची.

"अक्का, मुंग्यांची पंगत उठली का न्हाई अजून? पाणी कवा तापायचं मग?"

"तापंल की. घाई तुला हाय, मुंगीला न्हाई," अक्का म्हणायची. सासरी आल्यावर तिला सगळे अक्का म्हणू लागले, तेव्हा मीही आता तेच म्हणतो.

पावसाळ्यात मात्र आपटून भागायचं नाही. ओल्या लाकडात कीड, वाळवी, गोमा, काय नसायचं? चातुर्मास लागला की अक्कांचा हात लाकडाकडं जायचा नाही. "चार म्हैनं बंब नगं," असं त्यांनी एका वर्षी सांगून टाकलं आणि गार पाण्यानं आंघोळी सुरू केल्या. रायगोंडांना ते बघवलं नाही. ते सांगलीला हळद घेऊन गेले होते, येताना पाण्यात सोडायची कॉइल घेऊन आले. बादलीत ती वाकडी तार सोडली, बटन दाबलं की थोड्या वेळात पाणी कढत. ना धूर, ना राख, ना मुंगी.

"चार म्हैन्याचीच सोय हाय," रायगोंडा माझ्याकडं बघत म्हणाले, जणू माझी समजूत काढत होते. मीही म्हटलं, चला, वर्षातून चार महिने सुट्टी. सरकारी नोकराला मिळत नाही ती मला मिळाली. दिवाळी झाली की अक्का मला परत घासूनपुसून कामाला लावायच्या. कित्येक वर्षं आमचं हे असं गुण्यागोविंदानं चाललं.

पण सुखाची सवय लागली की ती चार महिन्यांत मावत नाही. रायगोंडा गेले. शेताच्या बांधावरची बाभळ गेली. लाकूड विकत आणावं लागू लागलं. मुलगा जिनेंद्र मोठा झाला, त्यानं खताचं दुकान घातलं, लग्न केलं, घराला वरचा मजला चढवला. खालच्या न्हाणीला गुळगुळीत पांढऱ्या फरशा लावल्या. त्या फरशांना माझा धूर चालेना. अक्कांनीही तक्रार केली नाही. कॉइल होतीच. एक दिवस दोन गड्यांनी मला उचललं, जिन्यात दोनदा आपटलं आणि गच्चीवर आणून ठेवलं. कुशीचा पोचा तेव्हाचा. माझी चार महिन्यांची सुट्टी अशी बारा महिन्यांची झाली, आणि सुट्टी एवढी लांबली की तिला हकालपट्टी म्हणतात हे मला वर आल्यावर कळलं.

विजेला धूर नसतो म्हणून लोक तिचं कौतुक करतात. धूर असतो, मित्रांनो. तो फक्त दुसऱ्या कुठल्या गावात निघतो, जिथं कोळसा जळतो. आपल्या भिंती पांढऱ्या राहिल्या की आपलं समाधान होतं. आमच्या काळी ज्याची आंघोळ त्याच्याच डोळ्यांत धूर जायचा, म्हणून पाणी जपून वापरलं जायचं. आता बटन दाबणाऱ्याला काही चुरचुरत नाही. चुरचुरतं ते महिन्यानं, बिल आल्यावर.

दोन वर्षांपूर्वी माझ्या डोक्यावर सोलरची टाकी आली. शेजारी काचेच्या नळ्या, टाकीखाली स्टँड, स्टँडखाली मी. बसवायला आलेल्या माणसानं स्टँडला एक लहान डबी ठोकली, तिच्यावर एक बटन. तो जिनेंद्रला आणि त्याच्या बायकोला, ब्राह्मीला, समजावत होता, "ऊन नसलं की हे बटन दाबायचं. टाकीच्या पोटात विजेचा हिटर आहे, त्यावर पाणी तापतं. काम झालं की बंद करायचं. चालू असलं की हा लाल दिवा लागतो." जिनेंद्र तेव्हा फोनवर युरियाचा भाव सांगत होता. त्यानं मान डोलावली.

सोलरची पाइप वरच्या मजल्यापर्यंतच आली. खालच्या न्हाणीपर्यंत न्यायची तर नव्या फरशा फोडाव्या लागल्या असत्या. अक्का म्हणाल्या, "मला कशाला रं? माझी एक बादली. कॉइल हाय की." वर जाऊन आंघोळ करायची तर जिना चढायला गुडघे तयार नव्हते, आणि अक्कांची आंघोळ पहाटेची, तेव्हा वरची मंडळी गाढ झोपेत. म्हणून वर सूर्याचं पाणी आणि खाली कॉइलचं, अशी वाटणी झाली. कुणाला ती अन्यायाची वाटली नाही, मलासुद्धा नाही.

गेल्या भाद्रपदात दशलक्षण पर्व चालू होतं. ब्राह्मीचा भाऊ बायकापोरांसह आला होता. तीन दिवस सूर्य दिसला नव्हता. पर्वाचे दिवस, सगळ्यांना सकाळी न्हाऊन बस्तीत जायचं. ब्राह्मी पदर डोक्यावर घेऊन पावसात वर आली, डबीचं बटन दाबलं, लाल दिवा लागला, आणि ती धावत खाली गेली. पाहुण्यांना कढत पाणी मिळालं. पर्व संपलं, पाहुणे गेले, पाऊसही गेला.

दिवा तसाच राहिला.

मी तो दिवा रोज बघत होतो. रात्री गच्चीवर अंधार झाला की तो जास्तच लाल दिसायचा. टाकीतलं पाणी जरा निवलं की आत हिटर आपोआप सुरू व्हायचा, हळू गुणगुणायचा, तापवायचा, थांबायचा, पुन्हा सुरू. वरच्या मजल्यावर मात्र आनंदीआनंद. फुकटचं पाणी म्हणून शॉवर सोडला की बंद व्हायचं नाव नाही. कपडे गरम पाण्यात, भांडी गरम पाण्यात, गाडीसुद्धा गरम पाण्यात. कुणी दुकानावरचा ओळखीचा घरी आला की जिनेंद्र त्याला गच्चीवर आणून टाकी दाखवायचा. "लय भारी कंपनी हाय गड्या. आभाळ आलं तरी पाणी चटका बसंल असं येतंय." आणि तो दिवा त्याच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर जळत असायचा. ऊन नसताना पाणी कढत कसं येतं, एवढा साधा प्रश्न त्या शहाण्याला पडला नाही. फायदा होत असला की माणसाला प्रश्न पडत नाहीत, हे मी माझ्या आयुष्यात पुष्कळदा पाहिलं आहे.

पहिलं बिल दिवाळीच्या गडबडीत कुणी बघितलं नाही. मग दुसरं आलं. दुपटीच्या वर. आमच्या जिन्याला दार नाही, त्यामुळं खालचं सगळं बोलणं माझ्यापर्यंत येतं. ती दिवाळीनंतरची संध्याकाळ होती, जेवणं चालली होती.

"युनिट वाढली की दर पण वाढतोय, वरची युनिट लय म्हाग पडत्यात," जिनेंद्र सांगत होता. "वर तर सगळं सोलरवर हाय. मग खातंय कोण एवढी लाइट?"

मला वाटलं, ब्राह्मीला आठवेल. तिला आठवलं नाही. खोटं कशाला बोलू, तेव्हा ती खरंच विसरली होती.

"आई, तुझी ती कॉइल," जिनेंद्र म्हणाला. "ती लय वढती. सगळी म्हणत्यात."

"एका बादलीला किती वढंल रं?"

"रोजची हाय न्हवं. पहाटं आमी झोपल्यालो असतोय, चालू र्‍हात असंल तशीच."

अक्का म्हणाल्या, "बरं. न्हाई लावत."

मित्रांनो, मला त्या क्षणी ओरडावंसं वाटलं. पण तांब्याच्या भांड्याला तोंड असतं ते ओतून घ्यायला, बोलायला नव्हे. मी नुसता दिव्याकडं बघत राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून अक्का गार पाण्यानं आंघोळ करू लागल्या. पूर्वी ऊन पाणी अंगावर घेताना त्यांचा णमोकार मंत्र संथ चालायचा, एका बादलीला पुरेल असा. आता तो पहिल्या तांब्यालाच सुरू व्हायचा आणि दात वाजत भराभर संपायचा. मी वरून ऐकायचो. जिनेंद्रला अगदीच वाईट वाटलं नाही असं नाही. चार दिवस तो पहाटे उठून वरच्या नळाची बादली खाली घेऊन गेला. पाचव्या दिवशी त्याला दुकानाचा माल उतरवून घ्यायला उशीर झाला होता, तो उठला नाही. सहाव्या दिवशी अक्काच म्हणाल्या, "नगं रं बाबा, झोप तू. मला काय धाड भरलीया?" मायेनं केलेली कामं अशी चार दिवसांत का दमतात, ते मला अजून कळलेलं नाही.

मार्गशीर्ष संपला. पहाटे गच्चीवर दव पडायचं आणि माझ्या अंगावरून ओघळायचं. अक्कांचे गुडघे सुजले, छातीत कफ झाला. एक दिवस बस्ती चुकली. मग दोन दिवस सलग. आंघोळ झाल्याशिवाय जायचं नाही आणि गार पाणी तर सोसवेना. सुलाबाई कुंपणाशी आली.

"अक्का, अभिषेकाला दिसला न्हाईसा?"

"गुडघं धरल्यात."

"ऊन पाणी घ्या की वाईच."

"घेतेय की," अक्का म्हणाल्या. आयुष्यभर मुंगीशीसुद्धा खोटं न बोललेली बाई, लेकाचं नाव खराब होऊ नये म्हणून शेजारणीशी खोटं बोलली.

आणि बिल? ते कसं उतरेल? दिवा तर माझ्या समोर जळत होता, आणि थंडीमुळं हिटर आता जास्तच गुणगुणत होता. पुढचं बिल मागच्यापेक्षाही चढं आलं. जिनेंद्र घरभर फिरला. देव्हाऱ्यातला बारीक दिवा बंद झाला. अक्कांच्या खोलीतला टीव्ही बंद झाला, ज्यावर त्या मुनींचं प्रवचन ऐकायच्या. प्रत्येक वेळी अक्का म्हणायच्या, "बरं." घरात जो माणूस लगेच बरं म्हणतो, त्याच्याकडंच सगळे पुन्हा पुन्हा मागायला जातात. वरच्या शॉवरकडं कुणी बोट केलं नाही. तो सूर्याचा होता ना.

एका संध्याकाळी जिनेंद्रनं विचारलं, "आई, खरं सांग. कॉइल चोरून लावतीस व्हय?"

थोड्या वेळानं जिनेंद्र वर आला. त्याच्या हातात ती कॉइल होती, रायगोंडांनी आणलेलीच, तिची मूठ दोनदा बदललेली. त्यानं ती माझ्या नळकांड्यात टाकली आणि निघून गेला. आम्ही दोघं एकमेकांचे जुने वैरी. तिनं माझी नोकरी खाल्ली होती. त्या रात्री मात्र मला तिच्याबद्दल राग आला नाही. तिच्यावर आलेला आळ खोटा होता, हे तिला आणि मला दोघांनाच माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात कल्हईवाले रमजानभाई गावात आले. पूर्वी ते सांगलीहून सायकलवरून यायचे, आता लेकाच्या मोटारसायकलवर मागं बसून येतात. पितळेची भांडी उरली नाहीत, त्यामुळं कामही उरलेलं नाही. पण जुन्या घरांतून चहा मिळतो, म्हणून येतात. अक्कांनी त्यांना थांबवलं. मग मला जिन्यावर पावलं ऐकू आली. एक पायरी, थांबा. एक पायरी, थांबा. कठड्याला धरून अक्का वर येत होत्या. गच्चीवर त्या कित्येक महिन्यांत आल्या नव्हत्या. दिवस मावळला होता.

त्यांनी माझ्यावर हात ठेवला. तो हात आता फार हलका झाला होता. "बघा रमजानभाऊ, ह्याचं काय हुईल काय? खाली नेऊन अंगणात ठेवीन म्हणते. चार काटक्यांत पाणी हुतंय. लाइटचा परश्नच न्हाई."

रमजानभाईंनी मला कलतं केलं, आत हात घातला, कॉइल बाहेर काढून बाजूला ठेवली, नळकांडं चाचपलं. "खालनं खाल्लंय, अक्का. पर तांबं लय जाड हाय. नवं नळकांडं घालून देतो. नातवंडांच्या लग्नापर्यंत बघायला नगं." माझं सगळं अंग शहारलं. मग ते उठता उठता म्हणाले, "ह्यो लाल दिवा कसला वं?"

अक्कांनी वाकून पाहिलं. त्यांचं तोंड दिव्याच्या अगदी जवळ आलं होतं. लाल उजेड त्यांच्या चष्म्यावर पडला होता.

"सोलरचा हाय. ऊन घेतंय ते."

"ऊन कुठं ऱ्हायलंय आता?"

"दिवसाचं साठवत असंल बाबा. आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

दोघंही त्यावर हसले आणि खाली गेले. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी जाळ पोटात घेतला, राख खाल्ली, जिन्यात आपटून घेतलं. त्यातलं काही मला इतकं लागलं नाही. तिच्या दुखण्याचं कारण तिच्या नाकासमोर जळत होतं आणि ती त्याचं कौतुक करून गेली.

जिनेंद्रनं मला खाली न्यायला साफ नकार दिला. "अंगणात धूर करायचा? परवाच रंग दिलाय भिंतीला. आणि सोलरच्या नळ्यांवर काजळी बसली तर? लोक काय म्हणतील, घरात सोलर आणि म्हातारी काटक्या जाळतीय." ब्राह्मी सासूला म्हणाली, "आत्ती, पुढच्या वर्षी खालपर्यंत पाइप आणू की." दोघांचं बोलणं वरवर पाहता चूक नव्हतं, हाच तर त्रास असतो. रमजानभाई चहा पिऊन परत गेले. अक्का म्हणाल्या, "बरं."

माघात ऊन तापलं तेव्हा ब्राह्मी पापड वाळत घालायला गच्चीवर आली. कुत्र्यानं पापडाला तोंड लावू नये म्हणून ती माझ्यावर काठी टेकवून ठेवत होती, तेवढ्यात तिची नजर डबीवर गेली. भर उन्हात दिवा फिका दिसत होता, पण जळत होता. तिनं हात पुढं केला, मग मागं घेतला, आधी जिन्याकडं पाहिलं. मला तिच्या तोंडावर सगळं दिसलं: भाद्रपद, पाऊस, भाऊ, बटन. मग तिनं बटन बंद केलं. गुणगुणणं थांबलं. ती तिथंच उकिडवी बसून राहिली, एक पापड हातात घेऊन, तो मोडला तरी तिला कळलं नाही.

ब्राह्मी वाईट नाही. ती त्या संध्याकाळी सांगेल, असं मला खात्रीनं वाटलं. जेवणं चालली होती. "मी काय म्हणते," ती म्हणाली. मी श्वास रोखला. जिनेंद्र म्हणाला, "काय गं?" मग ती म्हणाली, "पापड या वर्षी चांगलं झाल्यात." तिला नवऱ्याची भीती वाटली, की सासूला तोंड दाखवायची लाज वाटली, ते मी सांगू शकत नाही. एवढं सांगतो की त्यानंतर दोन दिवस ती अक्कांशी फार गोड बोलत होती.

पुढचं बिल आलं ते निम्म्यानं खाली. जिनेंद्रचा आवाज जिन्यातून वर येईपर्यंत मोठा झाला होता.

"बघ आई. कॉइल काढून टाकली आणि बिल आलं का न्हाई जाग्यावर? तुला पटत नव्हतं."

मी कान टवकारले. आता तरी. आता तरी ब्राह्मी. खाली कढईत उलथनं फिरत होतं, ते थांबलं, आणि पुन्हा फिरू लागलं.

अक्का हसल्या. दिवाळीनंतर मी त्यांचं हसणं रमजानभाई आले त्या दिवशी ऐकलं होतं, आणि आता हे. "म्हंजे माझंच चुकत हुतं म्हण की," त्या म्हणाल्या. "बरं झालं बाबा, कळलं."

मित्रांनो, जुन्या वस्तू आपल्या आत्मवृत्ताच्या शेवटी तुमच्याकडं काही मागतात, तसं मीही मागतो. मला खाली न्या, चिंच-राखेनं घासा, असं मी म्हणत नाही. माझं नळकांडं कुजलं आहे आणि मला भंगारात जायची भीती उरलेली नाही. सूर्याचं पाणी चांगलं आहे, जरूर वापरा. पण तुमच्या घरात बिल वाढलं तर सगळ्यात कमी वापरणाऱ्या आणि सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाकडं आधी बघू नका. आधी जिना चढा, बटनं बघा. जे फुकट मिळतं आहे असं तुम्हाला वाटतं, ते कोण भरतं आहे ते शोधा. आणि सापडल्यावर सांगा. बटन बंद करून गप्प बसणं म्हणजे चूक दुरुस्त करणं नव्हे, ती चूक दुसऱ्याच्या नावावर करून देणं आहे.

आता उन्हाळा लागला आहे. अक्कांचे गुडघे मात्र धरले ते धरलेच, बस्ती आता त्यांना खुर्चीवरूनच आठवावी लागते. सुलाबाई संध्याकाळी येऊन त्यांच्याजवळ बसते. काल अक्का तिला सांगत होत्या, आणि त्यांच्या आवाजात वाईट वाटल्याचं नावही नव्हतं, उलट लेकाचं भलं केल्याचं समाधान होतं, "माझ्या एका बादलीपायी पोराचं घर बुडत हुतं बघ, सुला. आन् मला मेलीला पत्ता न्हाई."